ओठ उचलून बघायचा नाही

दिवाळी झाली की आमचं गाव अर्धं होतं. ट्रॅक्टर येतात, त्यात भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरं बसतात, आणि टोळ्या ऊस तोडायला कोल्हापूरकडे निघून जातात. शिरूर कासार तालुक्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. आमच्या गल्लीत तर पाडव्यानंतर दोनच चुली पेटतात. एक आश्रुबांची, एक माझी.

मी मुक्ताबाई. बत्तीस वर्षं या गावची अंगणवाडी चालवली. गावातली निम्मी तरणी माणसं माझ्यासमोर नाक पुसायला शिकली आहेत. लोक म्हणतात मी कडक आहे. म्हणजे माझ्या तोंडावर कडक म्हणतात, माघारी खाष्ट म्हणतात, आणि मला दोन्ही ऐकू येतं. मला स्वतःचं लेकरू झालं नाही. त्यावरून नवऱ्याने दुसरी केली आणि तो अंबाजोगाईला राहायला गेला. त्याला आता इतकी वर्षं झाली की त्याचा रागसुद्धा नीट आठवत नाही. पण निवृत्त झाले आणि घर खायला उठलं. रोज चाळीस लेकरांचा गोंगाट ऐकलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास शांततेचा होतो. मी भांड्यांशी बोलायला लागले होते. कढई उत्तर देत नाही म्हणून तिच्यावर चिडायलाही लागले होते.

म्हणून यंदा राम आणि त्याची बायको तेजश्री टोळीबरोबर निघायच्या तयारीला लागले, तेव्हा मी आपण होऊन त्यांच्या दारात गेले. राम माझ्याच अंगणवाडीतला. त्याचे आईबाप आता नाहीत, त्यामुळे त्यांची साडेतीन वर्षांची लेक संस्कृती दर वर्षी त्यांच्यासोबत फडात जायची. मागच्या साली तिकडे तिला दोनदा जुलाब लागले होते, लेकरू चिपाड होऊन परत आलं होतं. "तिला माझ्याकडं ठेवा," मी म्हणाले. राम लगेच हो म्हणाला. तेजश्रीला दोन दिवस लागले.

"ठेवते," ती म्हणाली, "पर मला ती रोज सात वाजता फोनवर दिसली पायजे. तिला काय झालं आन् मला कळलं न्हाई तर मी येऊन घेऊन जाईन, बाई. मंग राग धरू नका."

"राग कशाचा? तुझं लेकरू हाय," मी म्हणाले. मनात म्हटलं, काय व्हायचंय तिला, मी असताना.

चाळीस दिवस फार चांगले गेले. कुणी ऐकलं तर हसेल, पण सकाळी कुणाच्या तरी हाकेने जाग येणं हे काय सुख असतं ते मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. संस्कृती मला बाई म्हणायची आणि माझ्यावर पूर्ण हुकमत चालवायची. वरणात तूप कमी पडलं तर ताट सरकवायची. मी तिला रागवायची, मग तीच मला रागवायची, आणि आम्ही दोघी एकमेकींवर रुसून एकाच गोधडीत झोपायचो. कढईशी बोलणं आपोआप बंद झालं.

घरात फोनला रेंज फक्त एका जागी येते, बाजेच्या वरच्या कोनाड्यात. म्हणून फोन तिथेच असायचा. संस्कृतीच्या लेखी तिची आई त्या कोनाड्यात राहत होती. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी मागच्या अंगणात वाळवण गोळा करत होते, आणि तिला आईला बघावंसं वाटलं. तिने बादली पालथी घातली, बाजेला लावली आणि वर चढली. मला धप्प असा आवाज आला आणि त्यानंतर काहीच आवाज आला नाही. लेकरू पडल्यावर लगेच रडलं तर बरं असतं. मी हातातलं सूप टाकून पळाले.

मी आत गेले तेव्हा तिने श्वास घेऊन पहिली किंकाळी फोडली. बाजेची कड तोंडावर बसली होती. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि पांढरा फ्रॉक पुढून सगळा लाल झाला होता. मी घाबरले, खोटं कशाला बोलू. पण बत्तीस वर्षांत असं तोंड मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. तोंडात लाळ असते, रक्त तिच्यात मिसळतं आणि चमचाभराचं वाटीभर दिसतं. आधी आपण घाबरायचं नाही, कारण लेकरू आपल्या तोंडाकडे बघून ठरवतं किती रडायचं.

हात धुतले. तिला मांडीवर बसवलं, आडवं केलं नाही. मान थोडी पुढे वाकवली, म्हणजे रक्त घशात न जाता बाहेर पडतं. पोटात गेलं की उलटी होते आणि घरातले आणखी घाबरतात. "थुंक," म्हटलं, ती थुंकली. माठातल्या पाण्याने एक चूळ भरायला लावली. ती रडताना तोंड उघडं होतं तेवढ्यात मी आत पाहून घेतलं. दात सगळे जागेवर, बोट लावून पाहिलं तर एकही हलत नव्हता. जीभ शाबूत. ओठ आरपार फाटला नव्हता. तुटली होती ती वरच्या ओठाच्या आतली शीर, ओठ आणि हिरडी यांना मधोमध जोडणारा पातळ पडदा असतो ना, तो. लहान लेकरांची ती हमखास तुटते, भसाभस रक्त येतं, आणि टाका न घालता आपली आपण भरून येते.

तिचं एकच औषध आहे. स्वच्छ सुती फडकं ओलं करायचं, ओठावर बाहेरून ठेवायचं, आणि ओठ दातांवर दाबून धरायचा. घड्याळ लावून दहा मिनिटं. मधे सोडायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, थांबलं का ते बघायला ओठ उचलायचा नाही. उचलला की नुकतं धरलेलं पुन्हा सुटतं. दहाच्या दहा मिनिटं दोनदा दाबूनही थांबलं नाही तर मग उठायचं आणि दवाखाना गाठायचा. हे मी आयांना शेकडो वेळा सांगितलं आहे. एकीनेही कधी ऐकलं नाही, प्रत्येकीला दर मिनिटाला बघायचंच असतं.

दहा मिनिटं मी तिला धरून बसले. ती माझ्या छातीशी हुंदके देत होती आणि मी तिला शेळीची, कावळ्याची, काय सुचेल ती गोष्ट सांगत होते. रक्त थांबलं. ओठ मात्र टपोऱ्या बोराएवढा सुजला. मी तिला बाजेवर बसवलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून चोखायला आईसकांडी आणायला गेले. गार लागलं की सूज आणि ठणका दोन्ही उतरतात. जाऊन यायला पाच मिनिटं लागली असतील.

तेवढ्यात आश्रुबा घरात शिरले होते.

आश्रुबा म्हणजे पंचाहत्तरीचा, मनाने लोण्यासारखा आणि अकलेने बेताचा माणूस. त्यांचा मुलगा बंकट रामच्याच टोळीत. जाताना तो बापाला जुना मोबाइल देऊन गेला आणि फोटो पाठवायला शिकवून गेला. तेव्हापासून आश्रुबा दिवसभर बंकटला फोटो पाठवतात. शेळी व्याली की फोटो, ताक फाटलं की फोटो, बाभळीवर पोपट बसला की फोटो. बंकट कधी एक अंगठा पाठवतो, त्यावर म्हातारा दिवस काढतो.

मी आले तर संस्कृती त्यांच्या मांडीवर, एका हाताने त्यांनी तिचा ओठ वर धरलेला, रक्त पुन्हा सुरू, पोरगी थयथयाट करतेय, आणि दुसऱ्या हातात मोबाइल.

"आश्रुबा! सोडा तिला!"

"आवं, बघत व्हतो फकस्त. लई लागलंय की वं हिला. थांबा, तपकीर दाबू का? रगत जाग्यावर थांबतंय."

"तपकीर तुमच्या नाकात घाला. थांबलेलं रगत तुमी पुन्हा काढलंय. कावून हात लावला?"

ते खाली मान घालून, तपकिरीची डबी मुठीत धरून उभे राहिले. मी त्यांना आणखी बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. नवं फडकं घेतलं आणि पुन्हा दहा मिनिटं दाबून बसले. या खेपेला लेकरू थकून गेलं होतं. रक्त थांबलं, तिने आईसकांडी चोखली, मग थोडा गार दहीभात खाल्ला. मी तिचा फ्रॉक बदलला, तोंड पुसलं. आणि मग घड्याळाकडे लक्ष गेलं. सहा वाजले होते.

आता मी काय केलं ते सांगते. मी बसून खोटं शिजवलं. मधमाशी चावली म्हणावं. ओठ सुजलेला आहे, दिवा मागे ठेवावा, म्हणजे नीट दिसणार नाही. दोन दिवसांत सूज उतरेल आणि कुणाला काही कळायचं कारण नाही. खरं सांगितलं तर तेजश्री येणार, लेकरू नेणार, आणि मी पुन्हा त्या घरात एकटी. मला भीती वाटली. मरणाची वाटत नाही एवढी त्या शांततेची वाटली. मधमाशी की गांधीलमाशी एवढंच ठरायचं राहिलं होतं.

साडेसहालाच फोन वाजला. पडद्यावर तेजश्री, डोक्याला बांधलेलं फडकं तसंच, मागे उसाच्या पाचटाची झोपडी, म्हणजे त्यांची कोपी, आणि दहा-बारा माणसं फोनवर वाकलेली.

"बाई, काय झालं वं मव्ह्या लेकराला? बंकट भावजीच्या फोनवर फोटू आलाय. तोंड समदं रगतानं भरलंय!"

आश्रुबांनी तोही फोटो पाठवला होता. पोपट, ताक आणि संस्कृती.

"पडली," मी म्हणाले. "ओठाच्या आतली शीर तुटली. रगत थांबलंय. दात समदे जाग्यावर हायत, मी बोट लावून बघितलंय. घाबरायचं काय न्हाई."

"दाखवा तिला."

मी दाखवली. आई दिसताच संस्कृतीचा चेहरा वाकडा झाला, पण ओठ दुखत होता म्हणून तिने तोंड गच्च मिटून घेतलं आणि नाकातूनच रडायला लागली. ते फारच वाईट दिसलं.

"तोंड कावून उघडीना ती? बाई, ओठ वर करा तिचा. मला दात बघू द्या."

"ओठ उचलायचा न्हाई आता. उचलला की पुन्हा फुटतंय. एकदा फुटलंय तसं."

"एकडाव. एकच डाव बघते."

"न्हाई म्हणलं ना."

मग रामने फोन घेतला. "बाई, दाखवा की. लपवायलाव काय तुमी?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अर्ध्या तासापूर्वी मी खरोखरच लपवायला बसले होते, त्यामुळे जास्तच गेली. "राम्या, तुझी हनुवटी फुटली तवा शिरूरला कुणी नेलतं तुला? मला शिकवतो व्हय? बत्तीस वर्षं लेकरं सांभाळलीत म्या. तुमाला एवढाच जीव व्हता तर सोडून कावून गेलात?"

बोलले आणि जीभ चावली. कोपीपुढची ती दहा-बारा माणसं फोनवरून मागे सरली. त्यातल्या निम्म्यांची लेकरं मागे गावातच होती. तेजश्रीने रामच्या हातातून फोन घेतला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमाला लेकरू असतं तर कळलं असतं, बाई," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

ही गोष्ट मला नवऱ्याने ऐकवली होती, सासूने ऐकवली होती, बारशाला न बोलावून गावाने ऐकवली होती. मला वाटलं होतं आता तिथे चामडं झालंय. तसं काही झालेलं नव्हतं. मी संस्कृतीला पोटाशी घेऊन बसले आणि तिच्या केसांत तोंड घालून रडले. ती सुजलेल्या ओठाने म्हणाली, "बाई, तुला लागलं?" मी म्हणाले, होय.

नंतर किती तरी वेळ एकच हिशेब डोक्यात फिरला. बोट माझं तिथेच होतं. क्षणभर ओठ उचलायचा होता. चार थेंब रक्त आलं असतं, मी आणखी दहा मिनिटं दाबून बसले असते, आईचा जीव भांड्यात पडला असता. पण पोरगी तिसऱ्यांदा कळवळली असती, आणि तेही फोनवर दाखवायला. मी केलं ते बरोबरच केलं. आजही कुणी विचारलं तर हेच करायला सांगेन. बोलले ते मात्र बरोबर नव्हतं, आणि माणसं ओठ विसरतात, बोलणं विसरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या जीपने तेजश्री आली. मुकादमाच्या हातापाया पडून दोन दिवसांची सुट्टी घेतलेली, रात्रभर दोन एसट्या बदललेल्या. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे, केसांत पाचटाची काडी. संस्कृती धावत जाऊन तिला चिकटली. तेजश्रीने तिला उचललं आणि तिचा अंगठा सवयीने ओठाकडे गेला. मग थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बघू का?"

"तुझं लेकरू हाय," मी म्हणाले. "पर आजचा-उद्याचा दिवस थांबलीस तर बरं."

तिने हात खाली घेतला. बत्तीस वर्षं नोकरी करून झाली, पण माझं ऐकणारी ही पहिली आई. तेवढ्यात संस्कृतीला आईच्या केसांतली काडी दिसली. तिने ती ओढली, आई "अगं अगं" म्हणाली, आणि पोरगी खदाखदा हसली, पूर्ण तोंड उघडून. पांढरे, छोटे, सगळेच्या सगळे दात. तेजश्री उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"तुमी बरोबर व्हता, बाई," ती शेवटी म्हणाली. "पर मला रातभर नुसता तो फोटू दिसला. मला आता तिकडं राहवणार न्हाई. घेऊन जाते."

मला म्हणायचं होतं की नको नेऊस. मला म्हणायचं होतं की काल बोलले ते चुकलं, माफ कर. मी म्हणाले, "दोन-तीन दिवस तिखट, गरम, कडक काय देऊ नको. खाल्लं की चूळ भरायला लाव. जखम पांढरी दिसंल, घाबरू नको, भरून येताना तशीच दिसती. ताप आला, न्हाई तर दात काळा पडला, तर दवाखाना." तिने एकेका गोष्टीला मान हलवली. मी तिच्यासाठी भाकरी टाकल्या, दोघींना दहीभात कालवून दिला, आणि पोरीचे कपडे पिशवीत भरले. एवढं सगळं अर्ध्या तासात उरकलं याचं मला फार वाईट वाटलं.

चारची जीप आली. आश्रुबाही बाहेर आले, पण माझ्या भीतीने लांबच उभे राहिले. संस्कृती खिडकीजवळच्या जागेसाठी भांडत होती. आईबरोबर निघाल्याच्या आनंदात तिला माझ्याकडे बघायचीही शुद्ध नव्हती, आणि मला तिचा राग आला. साडेतीन वर्षांच्या लेकराचा. तेजश्री एक पाय आत ठेवून मागे वळली.

"बाई, तुमी बी चला की," ती म्हणाली. "टोळीतली सात-आठ लेकरं दिसभर कोपीपाशी उघडीच हिंडत्यात. तुमी असला तर आमाला घोर न्हाई. हिला बी करमंल."

ती मनापासून म्हणत होती. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. माझ्या मनाने तर उडीच मारली. पातळं दोन, एक गोधडी, औषधाची डबी, निघायला मला दहा मिनिटंही लागली नसती. पण कालचं ते वाक्य मधे उभं होतं. लेकरू नसलेल्या बाईवर दया करतेय, असं मला वाटलं, आणि मान आपली आपण ताठ झाली.

"मला काय काम न्हाई व्हय इथं?" मी म्हणाले. "घर कुणी बघायचं?"

"बरं," तेजश्री म्हणाली. ती आत बसली. ड्रायव्हरने दार ओढलं आणि जीप धुरळा उडवत शिरूरच्या रस्त्याला लागली.

मी उभी होते तिथेच उभी राहिले. आश्रुबा हळूहळू जवळ आले. त्यांनी मोबाइल घरीच ठेवला होता.

"बाई, मव्हं चुकलं," ते म्हणाले. "पर तुमी गेल्या कावून न्हाई? ती बोलवत व्हती की."

मी त्यांना झापणार होते. तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"एकदाच म्हणली ती, आश्रुबा. आणखी एकदा म्हणली असती तर गेले असते."

त्यांनी जीप गेली त्या रस्त्याकडे बोट केलं. "तिला काय म्हाईत?" ते म्हणाले. "शिरूरला पोचली नसंल अजून. लावा की फोन. म्हणावं, येते."

मी मान हलवली, होय म्हणून. फोन काही लावला नाही.